लुटुपुटुची कुस्ती, खरीखुरी पाठ!

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. टीव्ही सुरू आहे. आवाज अगदी स्वच्छ येतोय. हजारो माणसं ओरडतायत, घंटा वाजतेय, कुणीतरी दाणकन आपटतंय. पण पडद्यावर काय दिसतंय? तर तिरक्या पट्ट्या! हिरव्या, जांभळ्या, करड्या. मधूनच एखादा पाय दिसतो. मग एक पिवळी चड्डी लांबट होत होत पडद्याच्या कडेला वाहून जाते. आणि या टीव्हीसमोर दोन मुलं डोळे बारीक करून, माना वाकड्या करून बसली आहेत. सांगा बघू, ती काय करतायत?

हरलात ना? मग ऐका. ती मुलं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ छोटू. तारीख २ एप्रिल १९८९. आणि आम्ही चक्क 'रेसलमेनिया' बघत होतो. म्हणजे ऐकत होतो. ती पिवळी चड्डी होती हल्क होगनची!

आता तुम्ही विचाराल, टीव्ही बिघडला होता का? छे! टीव्ही ठणठणीत होता. आमच्या बाबांनी पैसे भरले नव्हते, एवढंच.

टीव्हीला तिकीट?

माझे बाबा नोकरीसाठी सांगलीहून अमेरिकेला गेले. न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचं गाव आहे, तिथं आम्ही राहायचो. तिकडे पुष्कळ घरांना तळघर असतं. आमच्याही होतं. तिथं जुना सोफा, जुना टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र आणि आम्ही दोघं, असा सगळा संसार.

शनिवारी सकाळी टीव्हीवर डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.ची कुस्ती लागायची. ती फुकट. पण त्यात खरी मजा नसायचीच. एखादा नामांकित पैलवान यायचा, कुणा अनोळखी माणसाला दोन मिनिटांत लोळवायचा आणि कॅमेऱ्यासमोर येऊन गर्जायचा, की अमुक रविवारी बघतोच तुझ्याकडे! भांडण फुकट दाखवायचं आणि त्याचा निकाल मात्र विकत. अशी ती युक्ती.

त्या निकालाच्या दिवसाला म्हणायचे 'पे-पर-व्ह्यू'. म्हणजे जेवढं बघाल तेवढ्याचे पैसे. पद्धत अशी. केबल कंपनीला फोन करायचा, कार्यक्रमाचं नाव सांगायचं. मग तिकडून तुमच्या टीव्हीजवळच्या पेटीला इशारा मिळायचा आणि चित्र सरळ व्हायचं. बिल महिन्याच्या शेवटी. ज्यांनी फोन केला नाही त्यांच्या घरीही ते चित्र तारेतून यायचंच, पण मुद्दाम बिघडवलेलं. टीव्हीला चित्राची ओळ कुठं सुरू करायची हे सांगणारी खूण असते, तीच दाबून टाकलेली. मग टीव्ही बिचारा गोंधळायचा आणि चित्र तिरकं पळायचं. आवाजाला मात्र बऱ्याचदा हात लावलेला नसायचा. त्यामुळे आमच्यासारख्यांची सोय व्हायची!

सुरुवातीला तर हेही नव्हतं. पहिला रेसलमेनिया झाला ३१ मार्च १९८५ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. तो बाहेरच्या बहुतेक लोकांनी थिएटरांत आणि सभागृहांत तिकीट काढून मोठ्या पडद्यावर पाहिला. पुढे हे तिकीट घरात आलं. मग मोठ्या कार्यक्रमांचं वर्षाचं वेळापत्रकच ठरलं. जानेवारीत रॉयल रंबल, मार्च-एप्रिलमध्ये रेसलमेनिया, ऑगस्टमध्ये समरस्लॅम, नोव्हेंबरात सर्व्हायव्हर सिरीज. आपल्याकडे कसं संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी? आमचे हे चार सण!

पण सणाला खर्च येतो. एका कार्यक्रमाला वीस-पंचवीस डॉलर. नंतर तर तीसच्या घरात गेले. बाबा म्हणायचे, "एवढ्यात आठवड्याची भाजी येते." आणि विषय संपायचा.

तो राक्षस उचलला गेला!

मी पहिला पे-पर-व्ह्यू पाहिला तो टोनीच्या घरी. टोनी माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांनी फर्मान काढलं होतं, की येणाऱ्या प्रत्येक पोरानं दोन-दोन डॉलर आणायचे. मी आठ वर्षांचा होतो. आईनं मला दोन डॉलर दिले आणि वर डबाभर चिवडा दिला. चिवडा पहिल्या दहा मिनिटांत संपला. त्यानंतर टोनीच्या घरी मला पैसे कधीच पडले नाहीत. चिवडा आणला की झालं!

तो दिवस २९ मार्च १९८७. रेसलमेनियाचं तिसरं वर्ष. डेट्रॉइट शहराजवळच्या पॉन्टियाक सिल्व्हरडोम नावाच्या स्टेडियममध्ये कुस्ती होती. कंपनीनं प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला ९३,१७३. खरा आकडा यापेक्षा कमी होता, असं पुढं अनेकांनी म्हटलं आणि तो वाद आजही मिटलेला नाही. पण पडद्यावर बघताना वाटायचं, साऱ्या जगाची जत्रा तिथंच भरलीय.

एका बाजूला होगन. दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा आंद्रे द जायंट. जाहिरातीत उंची ७ फूट ४ इंच, वजन ५२० पौंड. म्हणजे जवळजवळ २३६ किलो! पंधरा वर्षांत तो एकदाही हरला नाही, असं सांगितलं जायचं. हेही जाहिरातीतलंच बरं का, खरं नव्हे. पण आम्हाला कुठं ठाऊक?

आणि मग होगननं त्याला उचललं. उचलून आपटलं. टोनीच्या घरातली दहा-बारा पोरं एकदम किंचाळली. टोनीची आजी वरच्या मजल्यावरून धावत खाली आली. तिला वाटलं, आगच लागली!

पुष्कळ वर्षांनी मला एक गोष्ट कळली. आंद्रेची पाठ तेव्हा इतकी दुखत होती, की त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याचं शरीर एका आजारामुळे वाढत गेलं होतं आणि त्या वाढीनंच त्याला पोखरलं होतं. एवढा अवाढव्य माणूस त्याच्या मनाविरुद्ध कुणी सहजासहजी उचलू शकला नसता. म्हणजे, दोस्तांनो, त्या दिवशी आंद्रेनं स्वतःला उचलू दिलं. दुखऱ्या पाठीनं. जानेवारी १९९३ मध्ये तो वारला, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला एकच कळलं, की होगन जगात सगळ्यांत बलवान.

बाबांनी पेपर वाचला

फेब्रुवारी १९८९. मी दहा वर्षांचा. सकाळचा चहा चालला होता. बाबांनी पेपरातून मान वर केली आणि म्हणाले, "ऐक रे, तुझ्या कुस्तीची बातमी आलीय."

मी धावतच गेलो. बातमी आमच्याच राज्याची होती. न्यू जर्सीत तेव्हा कुस्तीवर सरकारचं नियंत्रण असे, आणि टीव्हीवरच्या प्रक्षेपणावर करही भरावा लागे. ते उठवावं म्हणून कंपनीनं स्वतःच राज्याच्या सिनेटला सांगितलं होतं, की ही काही खरी स्पर्धा नाही, हे मनोरंजन आहे! म्हणजे नाटक-सर्कशीसारखं. मग खेळाचे नियम आणि खेळाचा कर आम्हाला कशाला?

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं."

मला काय वाटलं असेल, कल्पना करा! शाळेत मुलं चिडवायची, "खोटी कुस्ती, खोटी कुस्ती!" मी त्यांच्याशी भांडायचो. एकदा तर हातघाईवर आलो होतो. आणि आता कंपनीच म्हणत होती, की हो, ठरलेलंच आहे! मी त्या दिवशी जेवलो नाही. आईला वाटलं ताप आलाय.

बाबांच्या हाती मात्र आयतं कोलीत मिळालं. दोन महिन्यांनी रेसलमेनिया आला. तोही आमच्याच राज्यात, अटलांटिक सिटीला. होगन विरुद्ध रँडी सॅव्हेज. आदल्या वर्षीही तो तिथंच झाला होता. मी भीतभीत विचारलं. बाबा म्हणाले, "ठरलेल्या गोष्टीला पंचवीस डॉलर? मी तुला फुकटात सांगतो. होगन जिंकेल."

आणि म्हणून त्या रात्री तिरक्या पट्ट्या! गंमत म्हणजे होगनच जिंकला. पण मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. खोटं आहे हे कळल्यावरसुद्धा त्या पट्ट्यांसमोर माझं काळीज तसंच धडधडत होतं. असं का व्हावं?

याचं उत्तर मला कुणी दिलं, सांगू? आमच्या सांगलीच्या आजोबांनी!

आजोबा आणि तीस पैलवान

१९९१ च्या नोव्हेंबरात आजोबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली. कान चुरगळलेले. अमेरिकेची थंडी त्यांना मुळीच मानवली नाही. धोतरावर स्वेटर, स्वेटरवर कोट आणि कोटावर मफलर, अशा थाटात ते तळघरात हीटरजवळ बसून असायचे.

जानेवारीत रॉयल रंबलची जाहिरात त्यांनी पाहिली. बाबांना म्हणाले, "कुस्ती हाय म्हनतोस, आन् बघायची न्हाई?" बाबा आमचं ऐकत नसत, पण आजोबांपुढे काय बोलणार? मुकाट्यानं फोन फिरवला. पेटीवरचा दिवा लुकलुकला आणि आमच्या टीव्हीवर पहिल्यांदाच पे-पर-व्ह्यूचं चित्र सरळ झालं. मी आणि छोटूनं उड्या मारल्या.

१९ जानेवारी १९९२. रंबलची रीत ठाऊक आहे ना? एकूण तीस पैलवान. आधी दोघं रिंगणात उतरतात, मग ठरावीक वेळानं एकेक जण येत राहतो. ज्याला वरच्या दोरावरून बाहेर फेकलं आणि ज्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले, तो बाद. शेवटी उरेल तो विजयी. त्या वर्षी तर विजेत्याला थेट अजिंक्यपदाचा पट्टा मिळणार होता. रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर आत आला, जवळजवळ तासभर टिकला आणि जिंकला. वय वर्षं बेचाळीस!

मी आजोबांकडे चोरून बघत होतो. आता हसतील, मग हसतील. पण ते हसले नाहीत. पुढं वाकून बघत राहिले. संपल्यावर म्हणाले,

"ही कुस्ती न्हवं."

माझा चेहरा पडला.

"आरं, थांब की. कुस्ती न्हवं, पर पडायला शिकल्यात गडी. बघितलंस का, पडताना हनुवटी छातीला लावत्यात. हात दोन्ही अंगाला पसरून आपटत्यात. सगळी पाठ एकदम टेकवत्यात. एका जागी मार बसू देत न्हाईत. ह्याला वर्सं लागत्यात, बाळा."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ती मला आजवर पुरलीय. म्हणाले, "वरच्या गड्याकडं बघू नगंस. त्याचं हात बघ. खालच्याची मान कशी धरलीया बघ. तालमीत आपन समोरच्याला पाडतो. हितं ह्यो त्याला सांभाळून खाली ठेवतोय."

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि मला हे दिसलंच नव्हतं. ज्याला आम्ही दुष्ट म्हणून शिव्या घालायचो, तोच खरं तर समोरच्याचा जीव हातात घेऊन त्याला अलगद उतरवत होता. शत्रू म्हणजेच राखणदार!

आणि तो रिंगणाचा पृष्ठभाग? मऊ गादी असते असं वाटतं ना? खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. झालं! निकाल ठरवता येतो, भांडण ठरवता येतं. पण जमिनीला कुणी ठरवून सांगू शकत नाही, की बाई गं, आज जरा हळू लाग.

माझा पराक्रम

एवढं ज्ञान मिळूनही मी काय केलं असेल? ऐका, आणि लाज वाटते तरी सांगतो.

त्याच वर्षीचा मार्च महिना. मी तेरा वर्षांचा, छोटू नऊचा. तळघरात आम्ही जुनी गादी टाकली होती. मी होगन, छोटू आंद्रे. म्हणजे उलटंच सगळं! मी त्याला खांद्यावर घेतलं, गोल फिरवलं आणि गादीवर आपटलं. गादीवर म्हणजे, अर्धा गादीवर आणि अर्धा फरशीवर.

एक बारीकसा आवाज झाला. काडी मोडल्यासारखा. टीव्हीवर आपटताना दाणकन आवाज येतो. खरं हाड मोडतं तेव्हा तसा आवाज येत नाही, दोस्तांनो. काट्, एवढाच.

छोटूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो आधी रडलाच नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी उठवीन, हसेन, संपलं म्हणेन, असं त्याला वाटत असावं. दवाखान्यात आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बाबाही नाहीत. रात्री आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं आता मार बसणार. ते एवढंच म्हणाले, "त्यानं मान तुझ्या हातात दिली हुती. घेताना तुला ठावं पायजे हुतं."

मार बसला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

"खरंच मेला का? चौकशी कर!"

छोटूचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. आजोबा सांगलीला परतले. आणि तिकडे एक वेगळीच गंमत सुरू झाली. भारतात स्टार टीव्ही आला होता आणि सांगलीत माझा मामेभाऊ बंड्या डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.चा पक्का भक्त झाला होता. त्याच्याकडे ट्रम्प कार्डांचा गठ्ठा होता. कुणाची उंची किती, वजन किती, छाती किती, दंड किती, सगळं तोंडपाठ! गणिताचे पाढे मात्र बारापाशी अडकायचे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याचं पत्र आलं. 'अंडरटेकर मेला म्हणतात. आमच्या वर्गात दोन तट पडलेत. तू अमेरिकेत आहेस. खरं काय ते चौकशी करून लगेच कळव.'

झालं होतं असं. २२ जानेवारी १९९४ च्या रॉयल रंबलमध्ये दहा जणांनी मिळून अंडरटेकरला शवपेटीत कोंबलं होतं. पेटी बंद झाली, धूर निघाला आणि मग त्याचं जणू भूत छतापर्यंत वर गेलं! खरी गोष्ट साधी होती. अंडरटेकर, म्हणजे मार्क कॅलावे नावाचा माणूस, याची पाठ दुखत होती आणि तिला विश्रांती हवी होती. ऑगस्टमध्ये तो परत आलाही.

मी बंड्याला पत्रात ते सगळं कळवलं. वर त्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेटसुद्धा एका ओळखीच्या काकूंबरोबर पाठवली. महिन्याभरानं उत्तर आलं. 'कॅसेट मिळाली. पण नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पळतायत. तुझे पैसे भरायचे राहिले का काय?' अमेरिकेची व्हिडिओ पद्धत वेगळी आणि आपली वेगळी, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! म्हणजे आमचा बंड्याही शेवटी पट्ट्यांतच अंडरटेकर शोधत बसला.

ती रात्र

आता जरा गंभीर व्हावं लागेल.

२३ मे १९९९, रविवार. मी कॉलेजातून सुटीला घरी आलो होतो. छोटू सोळा वर्षांचा. मी फावल्या वेळात नोकरी करून पैसे साठवले होते. बाबांना न विचारता माझ्या पैशांनी फोन केला. कार्यक्रमाचं नाव होतं 'ओव्हर द एज', कॅन्सस सिटीहून. तळघर तेच, सोफा तोच, चिवडासुद्धा तोच.

ओवेन हार्ट हा आम्हा दोघांचा लाडका पैलवान. कॅनडातल्या कॅलगरीच्या हार्ट घराण्यातला. बारा भावंडांत धाकटा. त्याचे वडील स्टू हार्ट घराच्या तळघरातच पोरांना कुस्ती शिकवायचे. तळघर म्हटल्यावर आम्हाला तो आपलाच वाटायचा! २० मार्च १९९४ च्या रेसलमेनियात त्यानं थोरल्या भावाला, ब्रेटला हरवलं, तेव्हा छोटू आठवडाभर माझ्यासमोर मिशीवर ताव देत फिरला. मिशी नव्हती, तरी!

त्या रात्री ओवेन 'ब्लू ब्लेझर' नावाच्या विनोदी वीराच्या वेशात येणार होता. छतावरून, दोराला बांधून, अलगद खाली. आमच्या पडद्यावर आधी मुद्रित केलेली त्याची फीत चालू होती. ती संपली आणि कॅमेरा नुसता प्रेक्षकांकडे वळून राहिला. रिंगण दाखवेचना. समालोचक जिम रॉस सांगत होते, की अपघात झालाय आणि हा कार्यक्रमाचा भाग नाही.

छोटू हसला. "स्टोरी आहे रे. बघ, आता उठेल."

मीही तसंच धरून बसलो. शवपेटीतून धूर निघालेला आम्ही पाहिला होता. दहा वर्षं आम्ही हेच शिकलो होतो, की ते म्हणतील तसं नसतं. आम्ही चिवडा खात होतो हो! दोराची कडी सुटून ओवेन जवळजवळ २४ मीटर उंचीवरून रिंगणात पडला होता, आणि आम्ही चिवडा खात तो उठायची वाट बघत होतो.

मध्ये कुस्त्या चालूच राहिल्या. मग काही वेळानं जिम रॉसनी घरी बघणाऱ्यांना सांगितलं, की ओवेन हार्ट वारला. वय चौतीस. मागे बायको आणि दोन लहान मुलं. स्टेडियममधल्या प्रेक्षकांना हे सांगितलंच नव्हतं. आणि कार्यक्रम पुढं चालू राहिला. शेवटची कुस्ती कुणाची होती, ठाऊक आहे? अंडरटेकरची. लुटुपुटुच्या मरणातून परत आलेल्या माणसाला त्याच रिंगणात उतरावं लागलं.

खरं सांगू? मला पुढचं बघायचं होतं. तीस डॉलर भरले होते ना! छोटू उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला. म्हणाला, "दादा, आता पडद्यावर पट्ट्या असत्या तर बरं झालं असतं."

मी काही बोललो नाही. त्याचा हात नकळत गळ्याजवळच्या हाडावर गेला होता.

तो कार्यक्रम थांबवायला हवा होता का, यावर पुढं कितीतरी वर्षं लोक वाद घालत राहिले. ओवेनच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावला आणि २००० साली तो तडजोडीनं मिटला. त्याची पत्नी मार्था हिनं ओवेनच्या नावानं एक संस्था काढली. ती गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देते.

मग खरं काय?

त्यानंतर सगळंच बदललं. निसर्गरक्षण करणाऱ्या, पांडा हे चिन्ह असलेल्या संस्थेचीही आद्याक्षरं तीच होती. तिनं कोर्टात दाद मागितली आणि २००२ साली डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.ची डब्ल्यू. डब्ल्यू. ई. झाली. पांडानं पैलवानांना चीतपट केलं, म्हणा ना! २०१४ साली कंपनीनं इंटरनेटवर स्वतःची वाहिनी काढली. महिन्याला दहा डॉलरच्या आत सगळं बघायला मिळू लागलं. पोरांनी दोन-दोन डॉलर गोळा करायची गरज संपली. त्याच वर्षी रेसलमेनियात कधीही न हरलेला अंडरटेकर हरला आणि सांगलीहून बंड्याचा फोन आला, "चौकशी कर!" चाळिशीला टेकला तरी बंड्या तो बंड्याच. जुलै २०२५ मध्ये हल्क होगन गेला. तेव्हा मात्र चौकशी करायची वेळ आली नाही.

लोक अजूनही मला विचारतात, ती कुस्ती खरी की खोटी? दहा वर्षांचा असताना या प्रश्नापायी मी उपाशी राहिलो होतो. आता मला वाटतं, तो प्रश्नच चुकीचा आहे. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, हे आता जगाला माहीत आहे. पण आंद्रेची पाठ खरी होती. अंडरटेकरची पाठ खरी होती. ओवेनला धरून ठेवणारी कडी खरी होती आणि ती सुटली. म्हणून विचारायचंच तर असं विचारावं, की यात कुणी कुणाला सांभाळलं? आणि कोण कमी पडलं? यात आपणही आलो बरं का, पैसे भरून बघणारे.

म्हणून एक करा. पुढच्या वेळी टीव्हीवर किंवा फोनवर ही कुस्ती लागली, की आजोबांचं ऐका. चेहऱ्यांकडे बघू नका, गर्जना ऐकू नका. हात बघा. कोण कुणाची मान कशी धरतंय, कुणाच्या पाठीखाली हळूच हात घालतंय, ते बघा. एकदम वेगळाच कार्यक्रम दिसायला लागेल. आणि त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत!

छोटू आता न्यू जर्सीतच असतो. स्वतःचं घर आहे, घराला तळघर आहे, तळघरात दोन पोरं आहेत. थंडी पडली की त्याचा फोन येतो. "दादा, हाड दुखतंय रे." तेहतीस वर्षं उलटून गेली तरी! मग आम्ही तासभर कुस्तीच्या गप्पा मारतो.

आणि हो, गादीवरचे प्रयोग मात्र नकोत हं. काट् असा तो आवाज एकदा ऐकला, की आयुष्यभर ऐकू येतो.